मंद यंत्र, जागा ग्राहक

(ग्राहक प्रबोधनासाठी भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे खंडेनवमीला शेतकरी औताची, सुतार करवतीची आणि विद्यार्थी पाटीपुस्तकांची पूजा करीत आले. अलीकडे त्या पाटीपुस्तकांशेजारी लॅपटॉपही मांडलेला दिसतो. ज्या साधनावर आपले पोट किंवा आपले शिक्षण अवलंबून आहे त्याच्याविषयी कृतज्ञता बाळगावी, हा त्यामागचा भाव आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच लॅपटॉपबरोबर आलेले हमीपत्र कोठे आहे, असे विचारले तर दहांपैकी नऊ घरांत शोधाशोध सुरू होते. ते खोक्यात असते, खोके माळ्यावर असते आणि खरेदीची पावती कोणत्या पिशवीत गेली हे कोणालाच आठवत नसते. यंत्राला हळदकुंकू वाहणारा हा समाज यंत्राच्या कागदांविषयी एवढा उदासीन का, याचा विचार या निमित्ताने व्हावा.

त्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू या. नावगाव महत्त्वाचे नाही. ते घर आपल्यापैकी कोणाचेही असू शकते.

पाच मिनिटांची तपासणी

वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले लिपिक. मुलगी दुसऱ्या शहरात वसतिगृहावर राहून अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकणारी. एक ठेवपावती मुदतीपूर्वी मोडून वडिलांनी तिला ५४ हजार रुपयांचा लॅपटॉप घेऊन दिला. वॉरंटी एक वर्षाची. पहिले आठ महिने यंत्र उत्तम चालले. नवव्या महिन्यात ते मंदावू लागले. सकाळी सुरू केले की वीस मिनिटे सगळे सुरळीत, मग पडद्यावरची अक्षरे उमटायलाही वेळ लागे. अंतिम वर्षाचा प्रकल्प सादर करायला तीन महिने उरले होते.

मुलगी यंत्र घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेली. काउंटरवरच्या तरुणाने ते सुरू केले, दोनचार खिडक्या उघडून पाहिल्या आणि पाच मिनिटांत बंद केले. जॉबशीटवर त्याने ग्राहकाची तक्रार म्हणून दोन शब्द लिहिले : ‘हळू चालतो.’ खाली निष्कर्ष लिहिला : ‘दोष आढळला नाही. विंडोज पुन्हा टाकली.’ तीन आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा घडला. तिसऱ्या खेपेस यंत्र उघडण्यात आले आणि उत्तर निराळेच मिळाले. कळफलकाच्या कोपऱ्याखाली द्रवाचे डाग आहेत, सबब वॉरंटी लागू नाही. मुख्य बोर्ड बदलावा लागेल, अंदाजे खर्च १९ हजार ८०० रुपये.

मुलीने रात्री घरी फोन केला. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “पाणी सांडले होते का?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “हो बाबा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा कपातला चहा सांडला होता. थोडासाच. लगेच पुसला. त्यानंतर चार महिने काही झाले नाही, म्हणून सांगितले नाही.”

सज्जनहो, वॉरंटीचा प्रत्येक वाद याच वळणावर येऊन थांबतो. कंपनी म्हणते, चूक तुमची. ग्राहकाच्या मनात कोठेतरी अपराधाची भावना असते आणि तेवढ्यावर तो माघार घेतो, किंवा ती लपविण्यासाठी खोटे बोलतो. दोन्ही मार्गांनी तो हरतो. या गृहस्थांनी तिसरा मार्ग धरला. ते म्हणाले, “तक्रारीत चहाचे पहिल्यांदा लिहायचे. मग बाकीचे.”

यंत्र मंद का होते?

पुढचे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र जाणून घ्यायला हवे. लॅपटॉप मंद होण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिली वापरणाऱ्याच्या बाजूची. साठवणुकीची जागा काठोकाठ भरलेली असणे, यंत्र सुरू होताच दहा प्रोग्रॅम आपोआप चालू होणे, एखादा व्हायरस शिरणे, किंवा मूळ चार्जर हरवल्यावर कमी क्षमतेचा स्वस्त चार्जर वापरणे. या कारणांचा दोष कंपनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दुसरी कारणे यंत्राच्या अंगची असतात. साठवणुकीची डिस्क निकामी होऊ लागणे, स्मृतीची पट्टी सदोष असणे किंवा थंड ठेवणारी व्यवस्था बिघडणे.

या यंत्राचे दुखणे शेवटच्या प्रकारातले होते. लॅपटॉपचा प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्याकडे जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पंखा थकला की उष्णता आतच कोंडते. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ लागले की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. उन्हात चढ चढणारा बैल जसा आपण होऊन पाय आखडता घेतो, तसाच हा प्रकार. मालकाला वाटते बैल आळशी झाला. वास्तविक तो धापा टाकीत असतो.

आता पाच मिनिटांच्या तपासणीत दोष का सापडला नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. थंड यंत्र पाच मिनिटांत तापतच नाही. विंडोज कितीदाही नव्याने टाकली तरी पंखा फिरणार नाही. काउंटरवरचा तरुण खोटे बोलत नव्हता. त्याच्यासमोर रांग उभी होती आणि तो पाच मिनिटांपुरते खरे बोलत होता. दोष मात्र विसाव्या मिनिटाला प्रकट होणारा होता.

पूर्वसूरींचा विवेक

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी दाखविलेला विवेक चकित करणारा आहे. विकत घेतलेल्या वस्तूत मागाहून दोष दिसला तर व्यवहार मोडता येईल का, हा प्रश्न धर्मशास्त्रात ‘क्रीतानुशय’ या नावाने चर्चिला गेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातही खरेदीविक्रीच्या अशा अनुशयाचे स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तर वस्तूगणिक परीक्षेचा काळ ठरवून दिला आहे. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा दिवस.

हे आकडे यदृच्छेने आलेले दिसत नाहीत. बियाणे खरे की खोटे हे उगवल्याशिवाय कळत नाही. गाय किती दूध देते हे बाजारात नव्हे, गोठ्यात समजते. प्रत्येक वस्तूचा दोष आपापल्या वेळी उघडा पडतो आणि परीक्षेचा काळ त्या वस्तूच्या स्वभावावरून ठरला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व आहे. वॉरंटीचे वर्ष म्हणजे या परीक्षाकाळाचेच आजचे रूप होय. म्हणून विसाव्या मिनिटाला दिसणाऱ्या दोषाची परीक्षा पाच मिनिटांत उरकणे हे केवळ आजच्या कायद्याच्या दृष्टीने अपुरे नाही, तर जुन्या न्यायबुद्धीलाही ते धरून नाही.

‘हळू चालतो’ हा पुरावा नव्हे

त्या निवृत्त लिपिकाला संगणकातले फारसे कळत नव्हते. परंतु ३४ वर्षे फायली हाताळल्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्या अर्जात विशेषणे असतात तो अर्ज बाजूला पडतो. ज्या अर्जात तारखा आणि आकडे असतात त्याला उत्तर द्यावे लागते. ‘हळू’ हे विशेषण आहे. कोणाच्या मते हळू? कशाच्या तुलनेत? ‘हळू’ या शब्दाला वॉरंटीत स्थान नाही. ‘पंखा फिरत नाही’ या वाक्याला आहे.

म्हणून बापलेकीने आधी आपल्या बाजूची सर्व कारणे दूर केली. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवली, कारण आतील माहितीची जबाबदारी कंपन्या सहसा घेत नाहीत. साठवणुकीची जागा मोकळी केली. अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले. मूळ चार्जर जोडला. मग मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात प्रोसेसरचा वेग क्षणाक्षणाला दिसतो. शेजारी मोबाइल उभा करून तिने अर्ध्या तासाचे सलग चित्रीकरण केले. यंत्राचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. पहिली अठरा मिनिटे आकडा त्याच्या वरच होता. एकोणिसाव्या मिनिटाला तो घसरला आणि ०.८ वर जाऊन चिकटला. पंख्याचा आवाज संपूर्ण चित्रीकरणात एकदाही ऐकू आला नाही. शेवटी यंत्र बंद करून सुरू करताना, निर्मात्यानेच आत दिलेली चाचणी तिने चालविली. पंख्यासमोर त्रुटीचा क्रमांक उमटला. त्याचेही छायाचित्र घेतले.

या साऱ्यात एक पथ्य त्यांनी कटाक्षाने पाळले. बाहेरच्या कोणत्याही तंत्रज्ञाकडून यंत्र उघडून घेतले नाही. ‘ओळखीचा मुलगा आहे, पाच मिनिटांत बघतो,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु वाद चालू असताना झाकणाचे स्क्रू सैल झाले की मूळ दोष कोणता आणि हाताळणीतला कोणता, हे ठरविणे अशक्य होते आणि कंपनीच्या हाती आयतेच कारण पडते.

पत्र

मग वडिलांनी पत्र लिहिले. कंपनीला आणि दुकानदारालाही, कारण पैसे दुकानदाराने घेतले होते. पत्रात राग नव्हता. खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, तिन्ही जॉबशीटच्या तारखा आणि प्रत्येक वेळी दिलेला निष्कर्ष एवढे त्यात होते. त्यानंतर चहा सांडल्याचा उल्लेख आला, महिन्यासह. आणि मग पत्राचा गाभा असलेली ही वाक्ये होती : “चहा सांडला हे आम्ही मान्य करतो. त्यानंतर यंत्र चार महिने व्यवस्थित चालले. डाग कळफलकाच्या उजव्या कोपऱ्याखाली आहे, पंखा डाव्या टोकाला आहे. आपल्याच चाचणीत पंखा सदोष दिसतो. या डागामुळे पंखा बंद पडला असे आपले म्हणणे असल्यास ते कसे, हे लेखी कळवावे.”

हा मुद्दा प्रत्येकाने मनात ठेवण्यासारखा आहे. वॉरंटीतील अपवाद बहुधा ‘अमुक कारणाने झालेली हानी’ अशा शब्दांत लिहिलेले असतात. डाग आहे एवढ्याने वॉरंटीतील प्रत्येक भाग बाद होत नाही. डाग आणि दोष यांचा संबंध काय, हा प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र तो प्रश्न ताठ मानेने विचारायचा तर आधी डाग मान्य करावा लागतो.

पंधरा दिवसांनी उत्तर आले : धोरणानुसार वॉरंटी लागू नाही. पत्रातील प्रश्नाला उत्तर नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविली, तेथेही कंपनीने तेच वाक्य पाठविले. हेल्पलाइन समेटाचा प्रयत्न करते, निवाडा करीत नाही. अनेकांची लढाई येथेच संपते. तोपर्यंत वॉरंटीचे वर्षही सरले होते. तथापि पहिली जॉबशीट नवव्या महिन्यातली होती. दोषाची नोंद मुदतीत झालेली असली की पुढच्या दिरंगाईने तो हक्क बुडत नाही. म्हणूनच जॉबशीट घेतल्याशिवाय यंत्र कधीही सोपवू नये, आणि त्यावर ‘हळू चालतो’ असे न लिहिता ‘वीस मिनिटांनी वेग घसरतो, पंख्याचा आवाज येत नाही’ असे लिहिण्याचा आग्रह धरावा.

कायदा काय म्हणतो?

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी आला आणि त्या दिवसाची आठवण म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जातो. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा; त्याची अंमलबजावणी जुलै २०२० मध्ये सुरू झाली. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने त्यातील चार गोष्टी मोलाच्या आहेत.

पहिली, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, तिच्या दाराशी जावे लागत नाही. दुसरी, वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही आणि वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रार इंटरनेटवरूनही दाखल करता येते. तिसरी, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. चौथी, दोषाचा निर्णय चाचणीशिवाय होत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणी लागत नसेल तेथे तीन महिन्यांत व लागत असेल तेथे पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हेही खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. जो आयोगाकडे जाईल त्याने संयमाची शिदोरी बरोबर घेऊन जावे.

आणखी एक शंका अनेकदा विचारली जाते. लॅपटॉपवर हिशेब लिहून किंवा छायाचित्रांचे काम करून पोट भरणारा ग्राहक ठरतो का? स्वयंरोजगारातून केवळ आपल्या चरितार्थासाठी जो वस्तू वापरतो त्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे.

अखेर मिळाले काय?

बापलेकीने तक्रार दाखल केली. नोटीस गेल्यावर कंपनीचे वकील हजर झाले. चित्रीकरण, त्रुटीचा क्रमांक आणि चहाची कबुली असलेले पत्र एकत्र वाचल्यावर त्यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. दोन्ही पक्षांची लेखी संमती असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे सोपवू शकतो. पंखा आणि तांब्याची नळी विनामूल्य बदलून देणे, त्या भागांना सहा महिन्यांची नवी वॉरंटी आणि तक्रारीच्या खर्चापोटी ३ हजार रुपये, असा प्रस्ताव आला. ज्या बोर्डासाठी १९ हजार ८०० रुपये मागितले होते त्याला हातही लावावा लागला नाही.

मनस्तापाची भरपाई मिळाली नाही. मुलीचा प्रकल्प मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तिची झोपेची वेळ मागून घेऊन, रात्री जागून पूर्ण झाला. ते दिवस कोणत्याही समझोत्याने परत येणार नव्हते. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर हा विजय अर्धाच म्हणावा लागेल.

परंतु सही करण्यापूर्वी वडिलांनी एक अट घातली. कंपनीच्या नोंदीत त्या यंत्रापुढे ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे हानी’ असा शेरा होता. तो काढून ‘पंखा सदोष, वॉरंटीअंतर्गत बदलला’ असा शेरा लिहावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वकिलांना नवल वाटले. “काका, यंत्र दुरुस्त होऊन मिळते आहे. शेऱ्याने काय फरक पडतो?”

ते म्हणाले, “साहेब, जेवढी चूक आमची होती तेवढी आम्ही स्वतः लिहून दिली. जी आमची नाही ती आमच्या नावावर नको.”

शेरा बदलला गेला.

बंधुभगिनींनो, ग्राहक चळवळीचा अर्थ दुकानदाराशी हुज्जत घालणे असा नाही. दुकानदारही याच समाजाचा घटक आहे आणि काउंटरवर रोज शंभर रोष झेलणारा तो तरुणही आपल्यासारख्याच घरातून आलेला आहे. त्याच्यावर ओरडून पंखा फिरत नाही. आपली बाजू तपासून पाहणे, आपली चूक असेल तेवढी मान्य करणे आणि उरलेल्या सत्यासाठी कागद हातात घेऊन न थकता उभे राहणे, एवढेच ग्राहकाचे काम आहे. ज्याने आपल्या बाजूचे खोटे आधी दूर केले आहे त्याला समोरच्याचे खोटे सहन करण्याचे कारण उरत नाही.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक छोटे काम करावे. माळ्यावरचे खोके खाली काढावे, हमीपत्र आणि पावती शोधावी, दोन्हींची छायाचित्रे घ्यावीत, कारण उष्णतेने छापलेल्या पावतीवरची अक्षरे कालांतराने उडतात, आणि मूळ कागद एका पाकिटात घालून पाकिटावर खरेदीची तारीख लिहावी. पुढच्या खंडेनवमीला यंत्राशेजारी ते पाकीटही ठेवावे. त्यालाही दोन अक्षता वाहण्यास हरकत नाही.